गर्भपात, कायदा आणि वऱ्हाडातली बाई

अमरावती जिल्ह्यात चांदूर नावाची दोन तालुक्यांची ठिकाणे असल्यामुळे एकाला बाजाराची आणि दुसऱ्याला रेल्वेची उपाधी चिकटली. मुंबईहून नागपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बडनेऱ्याच्या पुढे, कापूस, तूर आणि सोयाबीन यांच्या शिवारांत वसलेले जे हे दुसरे चांदूर, तेथील तहसील कचेरीच्या आवारात सातबाऱ्यासाठी, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किंवा निराधार योजनेच्या अर्जासाठी ताटकळत बसलेल्या मंडळींना कोणी सहज विचारले की, गर्भपात करून घेणे आपल्या देशात कायदेशीर आहे की नाही, तर बहुतेकांचे उत्तर, माझ्या अदमासाप्रमाणे, ‘गुन्हा आहे’ असेच येईल. असे उत्तर देणाऱ्यांना अडाणी समजण्याचे कारण नाही. दवाखान्याच्या दारावर, सोनोग्राफीच्या खोलीबाहेर आणि सरकारी भिंतींवर गेली पंचवीस-तीस वर्षे जे फलक त्यांनी वाचले, त्यांत भ्रूणहत्येचा निषेध आणि तुरुंगवासाची तंबी एवढेच त्यांना दिसले. आणि ज्या कायद्याने विवक्षित परिस्थितीत, विवक्षित मुदतीत व शिकलेल्या डॉक्टरच्या हातून गर्भपात करून घेण्याची वाट १ एप्रिल १९७२ पासून मोकळी केलेली आहे, त्या कायद्याचा फलक मात्र क्वचितच कोणाच्या पाहण्यात आला असेल.

गर्भपात कायदेशीर असावा की नसावा, हा वाद अमेरिकेत ज्या आवेशाने लढवला जातो त्या आवेशाची आपल्याकडे कधी गरजच पडली नाही. तेथे २२ जानेवारी १९७३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्त्रीला हा हक्क दिला आणि जवळजवळ अर्धशतकानंतर, २४ जून २०२२ रोजी, त्याच न्यायालयाने तो काढून घेऊन प्रत्येक राज्याच्या मर्जीवर सोपवला. मधल्या काळात निवडणुका याच प्रश्नावर लढल्या गेल्या, दवाखान्यांपुढे धरणी धरली गेली, डॉक्टरांचे खूनही पडले. आपल्याकडे कायदा त्याच्या आधीच, १९७१ च्या ऑगस्टात, संसदेने मंजूर केला आणि त्यासाठी किंवा त्याविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले नाहीत. हे आपल्या समंजसपणाचे लक्षण म्हणून मिरवण्याचा मोह होतो. परंतु भांडणावाचून घरात आलेली गोष्ट कोणी कोणाला समजावून सांगत नाही, आणि जी समजावून सांगितली जात नाही ती वापरताही येत नाही. मुभा असावी की नसावी, या प्रश्नाचे उत्तर माझ्यापुरते स्पष्ट आहे. ती असलीच पाहिजे. वऱ्हाडात मला अधिक कठीण वाटणारा प्रश्न दुसराच आहे: ती मुभा नेमकी कोणाला दिलेली आहे, आणि ती कोणाच्या हातून मिळवावी लागते?

या प्रश्नाचा उगम शोधायला इंग्रजी अमलापर्यंत मागे जावे लागते. १८६० साली झालेल्या भारतीय दंडसंहितेच्या ३१२ व्या कलमाने स्त्रीचा जीव वाचवण्याच्या सद्हेतूखेरीज अन्य कारणाने केलेला गर्भपात हा गुन्हा ठरवला. त्याला तीन वर्षांपर्यंत, आणि गर्भाची हालचाल सुरू झालेली असल्यास सात वर्षांपर्यंत कैद सांगितली. आणि त्याखाली एक छोटेसे स्पष्टीकरण जोडले की, जी स्त्री स्वतःच स्वतःचा गर्भ पाडते तीही या कलमाच्या कक्षेत येते. हे कलम विलायतेतील तत्कालीन नीतिकल्पनेतून घडलेले होते. आपल्या स्मृतिकारांनीही भ्रूणहत्येची गणना घोर पातकांत केली होती हे खरे. तथापि पातकाचे प्रायश्चित्त आणि फौजदारी गुन्ह्याची सजा यांत जे अंतर आहे ते या कलमाने मिटवले. कलम पुस्तकात राहिले, आणि पोट पाडण्याचे काम सुईणीच्या, वैदूच्या व जाणत्या म्हातारीच्या हातात, बंद दाराआड, पूर्वीसारखेच चालू राहिले. फरक इतकाच की, त्यातून रक्तस्राव होऊन किंवा जंतुदोष होऊन बाई मेली तर आता मृत्यूचे कारण लपवणे हेही नातेवाइकांचे एक काम होऊन बसले.

या साऱ्यातून विधवेची जी अवस्था झाली, तिच्यावर पहिला निर्भीड प्रश्न वऱ्हाडातून विचारला गेला, याची आठवण आपल्याकडे जेवढी ठेवायला हवी तेवढी ठेवली गेलेली नाही. १८८१ साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपल्या नवजात अर्भकाची हत्या केल्याचा आरोप शाबीत होऊन तिला फाशीची सजा फर्मावण्यात आली; पुढे अपिलात फाशी रद्द होऊन काळ्या पाण्याची, आणि नंतर आणखी सौम्य सजा तिला झाली. हा गुन्हा गर्भपाताचा नव्हता, बालहत्येचा होता. पण ज्या विधवेला पुनर्विवाहाची बंदी, ज्या पुरुषाने तिला या स्थितीत आणले तो नामानिराळा, आणि दिवस राहिल्याचे उघडकीस येताच जिचे केशवपनही पुरेसे वाटेनासे होई, तिच्यापुढे नऊ महिन्यांच्या आत एक आणि नऊ महिन्यांनंतर दुसरे, असे दोनच गुन्हे शिल्लक उरत. खटल्याच्या निमित्ताने वृत्तपत्रांतून स्त्रीजातीच्या अनीतीवर जे ताशेरे झडू लागले, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यातून ‘स्त्री-पुरुष तुलना’ हा निबंध प्रसिद्ध केला.

वऱ्हाड त्या वेळी निजामाच्या नावाचा पण इंग्रजांच्या ताब्यातला मुलूख होता. ताराबाईंचे वडील बापूजी हरी शिंदे हे बुलढाण्यास सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते, सत्यशोधक विचाराचे होते, आणि मुलीला त्यांनी घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकवले होते. या बाईंनी आरोपी विधवेच्या बाजूने दयेची याचना केली नाही. त्यांनी फिर्यादीलाच पिंजऱ्यात उभे केले. विधवेला पुन्हा लग्न करू न देणारा कोण, तिला फसवणारा कोण, आणि मग न्यायासनावर बसून तिला दुराचारी म्हणणारा कोण, अशी एकेक उलटतपासणी करीत, स्त्रियांच्या अंगी म्हणून जे दोष शास्त्रांनी मोजले ते पुरुषांच्या अंगी अधिक प्रमाणात कसे आहेत, हे त्यांनी इतक्या रोखठोक, प्रसंगी शिवराळही, भाषेत दाखवले की, ते पुस्तक समाजाला पेलले नाही आणि बाईंनी पुन्हा काही लिहिल्याचे दिसत नाही. जोतीराव फुले यांनी आपल्या ‘सत्सार’मध्ये ताराबाईंचा कैवार घेतला, एवढाच काय तो अपवाद. पुढे जवळजवळ शतकभराने, १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी तो निबंध पुन्हा छापला.

फुल्यांना हा प्रश्न नवा नव्हता. त्यांनी आणि सावित्रीबाईंनी १८६३ सालीच पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढून, वाट चुकलेल्या विधवांनी येथे येऊन गुपचूप बाळंत व्हावे, मूल न्यावे की ठेवावे हे त्यांच्या खुषीवर राहील, अशी पत्रके भिंतींवर लावली होती. अशाच एका विधवेच्या पोटी १८७४ मध्ये जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. त्या पत्रकांत निर्णय बाईच्या ‘खुषीवर’ ठेवलेला आहे, ही गोष्ट शंभर वर्षांनंतरच्या सरकारी कायद्याशी ताडून पाहण्यासारखी आहे.

मधल्या काळात प्रश्नाचे तोंड संततिनियमनाकडे वळले. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून अश्लीलतेचे खटले ओढवून घेतले, आणि त्यांपैकी एकात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. बाबासाहेबांच्याच प्रेरणेने नोव्हेंबर १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या सोयी सरकारने उपलब्ध कराव्यात असा ठराव आला आणि तो फेटाळला गेला. नको असलेले गर्भारपण मुळातच टाळता आले तर गर्भपाताची वेळ येत नाही, हे इतके साधे तत्त्व कायदेमंडळाला पटायला आणखी काही वर्षे जावी लागली.

स्वातंत्र्यानंतर, १९६४ मध्ये, केंद्र सरकारने या प्रश्नाचा विचार करण्यासाठी जी समिती नेमली तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे तेव्हाचे आरोग्यमंत्री शांतिलाल शाह होते. समितीने १९६६ च्या अखेरीस अहवाल सादर केला, आणि त्यात पन्नास कोटींच्या लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे ३९ लक्ष गर्भ मुद्दाम पाडले जात असावेत असा अंदाज मांडला. तो अंदाजच होता. चोरून होणाऱ्या गोष्टीची गणती कोण करणार? पण शंभर वर्षे कडक कलम पुस्तकात असूनही जर हा आकडा लक्षांत असू शकतो, तर बंदीने गर्भपात थांबत नाहीत, ते केवळ डॉक्टरच्या हातून सुईणीच्या हातात जातात, हा निष्कर्ष समितीने काढला आणि तो मला अकाट्य वाटतो.

या अहवालातून वैद्यकीय गर्भपाताचा १९७१ चा कायदा निघाला. इंग्लंडने १९६७ साली केलेल्या कायद्याचा त्यावर ठसा होता आणि कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाच्या त्या दिवसांत लोकसंख्येची धास्तीही त्यामागे होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. कायद्याने काय दिले ते मात्र नीट पाहावे. बाराव्या आठवड्यापर्यंत एका, आणि त्यापुढे विसाव्या आठवड्यापर्यंत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे सद्भावपूर्वक असे मत झाले की, गर्भारपण चालू ठेवल्यास स्त्रीच्या जिवाला धोका आहे, किंवा तिच्या शारीरिक वा मानसिक स्वास्थ्याला गंभीर इजा होईल, किंवा मूल गंभीर व्यंगासह जन्मेल, तर गर्भपात करणारा डॉक्टर गुन्हेगार ठरणार नाही. बलात्कारातून राहिलेल्या गर्भाचा क्लेश आणि विवाहित जोडप्याचे गर्भनिरोधक साधन फसल्यामुळे होणारा क्लेश, हे दोन्ही मानसिक इजेच्याच व्याख्येत गृहीत धरले. आणि एका पोटकलमात असे म्हटले की, स्वास्थ्याचा विचार करताना स्त्रीची प्रत्यक्ष व नजीकच्या भविष्यातील परिस्थितीही डॉक्टरने ध्यानात घ्यावी. नापिकीचे वर्ष, सावकाराचे देणे, आधीची तीन लेकरे, दारू पिणारा नवरा, हे सारे त्या एका वाक्यात सामावू शकते. वऱ्हाडातील बाईच्या दृष्टीने सबंध कायद्यात याहून मोलाचे वाक्य नाही.

तरीही, आपण वाचले असेल तर ध्यानात येईल की, या वाक्यांचा कर्ता डॉक्टर आहे. मत त्याचे, संरक्षण त्याला, नोंदवही त्याची. बाईची संमती हवी, पण बाईची इच्छा हे कारण म्हणून कायद्यात कोठेही नाही. दंडसंहितेचे ३१२ वे कलम तसेच राहिले आणि त्याला एक अपवाद जोडला गेला. फुल्यांच्या पत्रकातील ‘खुषी’ला सरकारी मसुद्यात जागा मिळाली नाही.

या कायद्यावर जे आक्षेप घेतले जातात, ते सगळे सारख्याच वजनाचे नाहीत. गर्भ हा जीव आहे आणि जीव घेण्याचा अधिकार कोणालाही नाही, ही भूमिका जैनांची, कॅथलिक चर्चची आणि अनेक श्रद्धाळू हिंदूंची आहे. ती प्रामाणिक आहे, आणि तिच्याशी हुज्जत घालण्यापेक्षा एवढेच म्हणावे की, ज्या बाईला ती मान्य आहे तिच्यावर कायद्याने कोणतीही सक्ती केलेली नाही. गर्भाचे मोल आठवड्यागणिक वाढत जाते, ही सामान्य माणसाची जी सहज समजूत, तीच कायद्याने मुदतीच्या रूपाने स्वीकारली आहे. आठव्या आठवड्याला आणि अठ्ठाविसाव्या आठवड्याला एकच नियम लावा असे म्हणणारा, तो कोणत्याही बाजूचा असो, मला अतिरेकी वाटतो.

खरा पेच निराळ्याच दिशेने आला, आणि तो महाराष्ट्रातच प्रथम मोठ्या आवाजात मांडला गेला. गर्भजल तपासून मुलगी आहे असे कळले की गर्भ काढून टाकण्याचा व्यापार ऐंशीच्या दशकात मुंबईपासून तालुक्यापर्यंत पसरला. आज थोडे पैसे खर्चा आणि उद्याचा हुंडा वाचवा, अशा अर्थाच्या जाहिराती उघडपणे लागत, आणि ज्या स्त्री-चळवळीने गर्भपाताच्या मोकळिकीचे समर्थन केले होते तिलाच त्या मोकळिकीच्या या वापराविरुद्ध उभे राहावे लागले. तिच्या रेट्याने १९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा देशातील पहिला कायदा केला; केंद्राचा कायदा १९९४ साली आला. तरी २०११ च्या जनगणनेत राज्यातील सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे मुली ८९४ भरल्या, आणि बुलढाणा जिल्ह्यात ८५५. ताराबाईंच्या जिल्ह्याचा हा आकडा आहे.

येथे एक घोटाळा झाला, आणि त्याचे परिणाम अजून भोगावे लागत आहेत. गुन्हा लिंग तपासण्याचा होता. पण २०१२ साली परळी वैजनाथचे आणि २०१७ मध्ये सांगली जिल्ह्यातील म्हैसाळचे, अशी बेकायदा गर्भपातांची प्रकरणे उघडकीस आल्यावर ज्या धाडी पडल्या, ज्या चौकश्या झाल्या आणि जी भाषणे झाली, त्यांत लिंगनिदान व गर्भपात यांतील सीमारेषा पुसली गेली. कायद्याच्या चौकटीत काम करणाऱ्या डॉक्टरांनाही बारा आठवड्यांपुढची बाई दारात नकोशी झाली. अनेक औषध-दुकानदारांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणेच बंद केले. नफेखोर मात्र हटले नाहीत. आमच्या चांदूरहून पूर्वेला वर्धा नदी ओलांडली की आर्वी लागते. तेथील एका खासगी रुग्णालयात १३ वर्षांच्या मुलीचा बेकायदेशीर गर्भपात झाल्याची फिर्याद जानेवारी २०२२ मध्ये दाखल झाली आणि पोलिसांनी आवारातील बायोगॅसचा खड्डा उपसला तेव्हा त्यातून भ्रूणांच्या ११ कवट्या आणि ५४ हाडे निघाली. त्या बातमीने वऱ्हाडात जी शिसारी उमटली ती रास्तच होती. परंतु त्या शिसारीचा रोख सगळ्याच गर्भपातांवर वळला की, ज्या मुलीला सरकारी दवाखान्यात उजळ माथ्याने, मोफत आणि सुरक्षित उपचार मिळू शकले असते, तिला तिचे आईबाप पुन्हा अशाच आवारात घेऊन जातात.

आता चांदूर तालुक्यातील एखाद्या खेड्यातली, दोन लेकरांची, निंदणाच्या मजुरीवर जाणारी बाई डोळ्यांपुढे आणावी. पाळी चुकून दीड महिना झालेला आहे, तांबी बसवायची राहून गेली होती, आणि तिसरे मूल तिला नको आहे. कायद्याच्या पुस्तकात तिचा मार्ग सरळ आहे: सरकारी रुग्णालयाला या कामासाठी वेगळ्या परवान्याची गरज नाही, सज्ञान स्त्रीची एकटीची संमती पुरते, तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. प्रत्यक्षात आशाताईला सांगावे तर गावभर होण्याची भीती. ग्रामीण रुग्णालयात जावे तर हे काम शिकलेला डॉक्टर त्या दिवशी असेलच असे नाही. मग रोजी बुडवून, बडनेऱ्यावरून अमरावतीला, जिल्हा स्त्री रुग्णालयात, ज्याला जुनी माणसे अजून डफरीन म्हणतात, तेथे जायचे. टेबलामागचा माणूस विचारणार, ‘मालक कुठं आहे? सही लागते त्याची.’ ही सही कायद्याने लागत नाही. संमतीच्या छापील नमुन्यात नवऱ्याच्या सहीची जागाच नाही, आणि नवऱ्याच्या संमतीवाचून गर्भपात केला म्हणून डॉक्टरवर दावा ठोकणाऱ्या एका पतीची मागणी उच्च न्यायालयाने फेटाळली, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही त्यावर शिक्कामोर्तब केलेले आहे. पण टेबलापाशी उभ्या असलेल्या बाईने निकालपत्र वाचलेले नसते, आणि टेबलामागच्या माणसाला उद्या नवरा भांडायला आला तर काय, याची चिंता असते. मेळघाटातल्या धारणीहून हाच जिल्हा, हेच डफरीन, शंभरावर किलोमीटर घाट उतरून गाठायचे, हा प्रवास तर वेगळाच.

दोन खेपा फुकट गेल्या की ती कोणाकडून तरी गोळ्या मागवते. या गोळ्या आपल्या देशात २००२ पासून मंजूर आहेत, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली पहिल्या नऊ आठवड्यांत त्या सुरक्षित आहेत. परंतु गर्भ पिशवीत आहे की नळीत, दिवस किती झाले, अंगात रक्त किती आहे, हे न पाहता घेतल्या तर जिवावर बेतू शकते. २०१५ साली भारतात झालेल्या गर्भपातांची अंदाजी संख्या १ कोटी ५६ लाख असून त्यांपैकी सुमारे ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी झाले, असे संशोधकांनी मांडले आहे. सुईणीच्या काळापेक्षा हे नक्कीच बरे. पण कायदा असूनही चारांतील तिघींना दवाखान्याबाहेरची वाट धरावी लागत असेल, तर ज्यांना कायदा अति सैल वाटतो त्यांनी तो प्रत्यक्षात किती जणींपर्यंत पोचला आहे हेही विचारावे.

कायद्याच्या मुदतीचा काच मुंबई उच्च न्यायालयात २००८ साली प्रथम ठळकपणे दिसला. गर्भाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे वीस आठवडे उलटल्यावर कळलेल्या एका दांपत्याने आपले डॉक्टर निखिल दातार यांच्यासह गर्भपाताची परवानगी मागितली आणि न्यायालयाने ती नाकारली. त्यानंतर १३ वर्षांनी, २०२१ च्या दुरुस्तीने, वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरेसे झाले, काही विशिष्ट स्त्रियांसाठी मुदत चोवीस आठवड्यांवर गेली, गर्भातील गंभीर व्यंगाच्या बाबतीत वैद्यकीय मंडळाच्या मताने मुदतीची अट उठली, आणि ‘विवाहित स्त्री व तिचा पती’ या जागी ‘स्त्री व तिचा जोडीदार’ असे शब्द आले. चोवीस आठवड्यांच्या यादीत बलात्कारपीडिता, अल्पवयीन आणि अपंग स्त्रियांबरोबर, गर्भारपणातच जिची वैवाहिक स्थिती बदलली अशी स्त्री आहे, आणि तेथे कंसात वैधव्याचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या वऱ्हाडात कर्जापायी शेतकऱ्याने गळफास घेतल्याची बातमी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर गेलेली आहे, त्या वऱ्हाडात या एका शब्दाचा अर्थ कोणाला फोड करून सांगायला नको. तीन-चार महिन्यांची गर्भार असताना नवरा गेला, दिराने जमिनीवर हक्क सांगितला, आता हे मूल जन्माला घालायचे की नाही, हे ठरवण्याची मुदत कायद्याने तिला दिली; १८८१ च्या विधवेला ती द्यावी असे सरकारला सुचलेही नव्हते. चांदूरच्या किती विधवांना हा नियम माहीत आहे, हा प्रश्न आपण आशाताईंना, सरपंचाला आणि जमल्यास तहसीलदारालाही विचारायला हरकत नाही.

न्यायालये या वाटेवर कधी पुढे गेली, कधी अडखळली. २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने चोवीस आठवड्यांची सवलत अविवाहित स्त्रीलाही लागू केली, आणि नवऱ्याने केलेली बळजबरी ही या कायद्यापुरती बलात्कारच समजावी असेही म्हटले. पुढल्याच वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, दोन मुलांच्या आईची सव्विसाव्या आठवड्यातली विनंती त्याच न्यायालयाने, गर्भ सुदृढ आहे आणि आईच्या जिवाला तातडीचा धोका नाही म्हणून, फेटाळली. आणि एप्रिल २०२४ मध्ये महाराष्ट्रातीलच १४ वर्षांच्या एका अत्याचारपीडित मुलीला सुमारे तिसाव्या आठवड्यात आधी परवानगी देऊन, आईबापांचे मन बदलल्यावर आठवड्याभरात आपलाच हुकूम मागे घेतला; मात्र जिच्या पोटात गर्भ आहे तिच्या मताला वैद्यकीय मंडळाने प्रथम स्थान द्यावे, असे कारणांसह नमूद केले. तालुक्याच्या मुलीला या मजल्यापर्यंत जायचे तर आधी उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ गाठावे लागते, आणि तारखांच्या या खेळात गर्भाचे वय थांबत नाही.

मुभा नसेल तर काय होते, याचे उदाहरण दूर शोधण्याची गरज नाही. बेळगावची सविता हलप्पनवार ही ३१ वर्षांची दंतवैद्य आयर्लंडमध्ये राहत होती. २०१२ च्या ऑक्टोबरात सतराव्या आठवड्यात तिचा गर्भ वाचणे अशक्य असल्याचे डॉक्टरांना कळले होते; तरी गर्भाचे हृदय धडधडते आहे तोवर कायदा आड येतो म्हणून तिची विनंती नाकारली गेली, आणि २८ ऑक्टोबरला जंतुदोषाने ती गेली. मे २०१८ च्या सार्वमतात आयर्लंडच्या ६६ टक्क्यांहून अधिक मतदारांनी राज्यघटनेतली ती तरतूद काढून टाकली. फ्रान्सने तर मार्च २०२४ मध्ये या मोकळिकीची हमीच राज्यघटनेत लिहिली.

त्याच वर्षी, १ जुलै २०२४ पासून, आपल्याकडे इंग्रजांची दंडसंहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अमलात आली. १८६० च्या ३१२ व्या कलमाला तेथे ८८ हा आकडा मिळाला. सजा तीच राहिली, सात वर्षांची मुदत तीच राहिली, आणि जी स्त्री स्वतः स्वतःचा गर्भ पाडते ती गुन्हेगार, हे स्पष्टीकरणही उतरवून घेण्यात आले. गर्भपात हा मुळात गुन्हा आणि डॉक्टरने मत दिले तर माफ, अशी जी रचना १९७१ साली तडजोड म्हणून स्वीकारली गेली ती मोडून, आरंभीच्या आठवड्यांत तरी तो बाईच्या एकटीच्या निर्णयाचा, साध्या आरोग्यसेवेचा विषय करावा, अशी मागणी आज अनेक डॉक्टर व स्त्री-संघटना करीत आहेत; ८८ वे कलम संसदेत मंजूर झाले तेव्हा ती मागणी त्यात उतरली नाही.